आठ इंची ड्रायव्हर

आमच्या घरी ड्रायव्हर ठेवायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती.

सायकल होती. तीही माझी, आणि तिचं मागचं चाक बायको गेली त्या महिन्यापासून बसलेलं. (मीही बसलेलोच होतो. पण चाकाला हवा भरता येते.)

मी शिंपी. शाळा चौथीपर्यंत, पुढं पंचावन्न वर्षं मशीन. आमचे पूर्वज बेंगळूरला कधी आले ते त्यांनाच ठाऊक. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असं आमचं चाललेलं. शांता गेली आणि मला एकच काम उरलं, संशय घेणं. दूधवाला हसला, संशय. पोरानं हळू आवाजात फोन केला, दुप्पट संशय.

तर माझा पोरगा रवी गच्चीत फोनवर बोलत होता. मी दाराआड उभा. (मुद्दाम नव्हे. दार तिथंच होतं!)

"नाही रे, एकच ड्रायव्हर. फुल रेंज. दोन-तीन ठेवले की त्यांचं आपसात जमत नाही."

मी कान लावला.

"वापरलेला असला तरी चालेल. आठ इंची घेतोय. चार इंचीचा दम पुरत नाही."

आता आठ इंची माणूस कसला? जन्मभर गळ्यात टेप घालून हिंडलो, आठ इंचात माझ्या हातून बाही पुरी झाली नाही! शेवटी ठरवलं, मिशीचं माप असणार.

"थोडक्यात भागवून मोठ्यानं ओरडणारा पाहिजे. आपल्याकडे त्याला द्यायला दोनच वॉट."

मला ऐकू आलं, दोनच वाट्या. दोन वाट्यांवर माणूस ठेवायचा आणि वर त्यानं ओरडायचं? कुणावर? घरात ओरडून घेण्यासारखा रिकामा मीच!

"आणि पेटी आनेकलच्या मंजण्णा सुताराकडे टाकलीय. साडेपाच फूट उंच. आत थोडा कापूस. अण्णांना इतक्यात कळू द्यायचं नाही."

अण्णा म्हणजे मी. साडेपाच फूट म्हणजेही मीच. चपला काढून!

दुसऱ्या दिवशी पार्कात पुट्टस्वामीला सांगितलं. हा आमचा शेजारी, बसमध्ये कंडक्टर होता. त्याला दुसऱ्याचा शेवटचा स्टॉप लगेच दिसतो.

"सरी, बरोबर आहे, राव," तो मान हलवून म्हणाला. "ड्रायव्हर, पेटी, गुपचूप. माझ्या साडूला असंच नेलं. देवनहळ्ळीच्या विमानतळापलीकडे, वृद्धाश्रमात. 'चला, विमानं बघून येऊ' म्हणाले. अजून बघतोय."

मला माझं घर सोडायचं नव्हतं. शांताचं हळदीचं बोट अजून स्वयंपाकघराच्या बटणावर आहे. मी ते पुसू देत नाही. सून दीपा पुण्याची, भारी स्वच्छ, तरी तिनंही ते बटण सोडून बाकीची भिंत पुसलीय. आणि मला विमानं बघायला धाडतात?

मी बस धरून आनेकल गाठलं. मंजण्णाला नाव सांगितलं नाही. गिऱ्हाईक आहे म्हणालो. त्याच्या शेडमध्ये पेटी उभी होती, एक बाजू उघडी. आत फळ्याच फळ्या, वळणावळणाचा बोळ. वरती बरोबर तोंडाच्या उंचीला गोल भोक! आणि शेजारी तशीच दुसरी पेटी!!

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक डावीकडे, एक उजवीकडे."

"कुणाच्या?"

"मला काय ठाऊक, यजमानरे? बेंगळूरच्या एका साहेबाचं काम. घरातल्या अण्णांना कळू देऊ नका म्हणालाय."

"कोण अण्णा?"

"असेल कुणी म्हातारा. फार संशयी आहे म्हणे."

मी संशयी! तिथल्या तिथं त्याला चार शब्द ऐकवणार होतो, पण त्याला संशय आला असता.

शुक्रवारी सकाळी रवी ऑफिसला निघताना दीपाला म्हणाला, "आज ड्रायव्हर येईल. लक्ष ठेव." अकराच्या सुमाराला ती आंघोळीला गेली आणि मी गेटवर खुर्ची टाकली. तेवढ्यात एक व्हॅन थांबली. तीतून एक माणूस उतरला. मिशी होती! आठ इंच नव्हती, पण दोन्ही बाजू धरून पाचाला कमी नाही.

"रवी सार् यांचं घर?"

"तू कोण?"

"ड्रायव्हर, सार्."

"गाडी कुणाची?"

"कंपनीची."

म्हणजे आश्रमाची स्वतःची गाडी! त्यानं मागून खोका काढला.

"हे घ्या सार्, स्वल्प, जरा सही करा."

"सही? फसवून सही घेतोस? इथून कुणी कुठं जाणार नाही! विमान तूच बघ!"

तो बिचारा आभाळाकडे बघायला लागला. मग म्हणाला, "नको असेल तर तसं सांगा सार्. परत नेतो." त्यानं मोबाईल पुढं केला. मी काचेवर बोटानं सही ठोकली. आयुष्यात काचेवरची पहिली सही, आणि तीही 'नको'ची. वाघ मारल्यासारखा आत आलो आणि दोन कप चहा प्यायलो.

संध्याकाळी रवी बूट न काढताच आत आला.

"अण्णा, ड्रायव्हर आले काय?"

"आला होता. हाकलला."

"हाकलला?! अहो अण्णा, महिनाभर शोधून मिळालेली जोडी होती ती! नाजूक असतं ते. हिसक्यानं कोन फाटला म्हणजे?"

"कोण फाटला?"

"कोन!"

"तेच विचारतो. कोण?"

"कागदाचा कोन हो!"

"कागदाचा माणूस आणतोस मला न्यायला?"

"न्यायला? कुठं?"

"देवनहळ्ळीला! पेटीत घालून!"

दीपा मधे पडली. "वन मिनिट. दोघंही खाली बसा. अण्णा, ड्रायव्हर म्हणजे स्पीकरमधला तो गोल भाग. आवाज काढणारा. एका पेटीला एक. कोन म्हणजे त्याचा कागद. आणि पेटी त्याची आहे, तुमची नाही."

मी विचारलं, "मग ड्रायव्हर का म्हणायचं? गातो म्हणता, चालवतो काय?"

रवी माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"अण्णा, कपाट आवरताना आईची कॅसेट मिळाली. भजनाची. माझ्या छोट्या स्पीकरवर लावली तर ती डब्यातून बोलल्यासारखी वाटली. मित्रानं काचेच्या दिव्यांचा जुना ॲम्प्लिफायर दिलाय, पण त्याची ताकद दोनच वॉट. म्हणून थोडक्यात मोठं वाजणारं पाहिजे होतं. ड्रायव्हरच्या मागचा आवाज त्या पेटीच्या बोळातून फिरून खालच्या तोंडानं वाढून बाहेर येतो."

"दुकानात तीन-तीन गोलांचे खोके असतात की."

"त्यात आवाज कापून वाटतात. जाडा एकाला, बारीक दुसऱ्याला. एकच सदरा तीन शिंप्यांनी शिवला तर?"

"जोड दिसतो," मी म्हणालो. दिसतोच. शांताही लांबून ओळखायची.

"मला आईचा आवाज बिनजोड पाहिजे होता."

मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मंजण्णाच्या डोक्यावर जाऊन बसला असता."

बसून आलोय, हे मी सांगितलं नाही.

सोमवारी खोका परत आणायला मी एकटाच त्या व्हॅनवाल्या कंपनीच्या बेळ्ळंदूरच्या गोदामात गेलो. हट्टानं. दोन बसेस, त्यात तासभर एकाच सिग्नलला. दारात तोच मिशीवाला.

"आज ड्रायव्हर पाहिजे काय, सार्?"

"दे मुकाट्यानं."

खोका बसमध्ये मांडीवर घेऊन आणला. कंडक्टरनं खाली ठेवायला सांगितला तर त्याच्याशी भांडलो. आनेकलहून पेट्या आल्या, त्यांत कापूस मी भरला. रवी सैल म्हणाला तर सैल, दाट म्हणाला तर दाट. पुट्टस्वामीही बघायला आला आणि आपलं वृद्धाश्रमाचं भाकीत चुकलेलं बघून लगेच परत गेला.

रविवारी सकाळी दोन्ही पेट्या हॉलमध्ये पहारेकऱ्यांसारख्या उभ्या. रवीनं कॅसेट घातली. आधी खरखर. मग टाळ. मग ती.

खोलीच्या बरोबर मधोमध, जिथं काहीच नव्हतं, तिथून गात होती. दम घेतलेलाही कळत होता. दीपा भिंतीला टेकली. भजन संपतंय न संपतंय तोच आतल्या खोलीतून कुणीतरी रेड्यासारखं ओरडलं, "शांता! चहा झाला काय?"

तो मीच होतो. जुना. बाई गातेय, चार बायका टाळ धरून बसल्यात, आणि या गड्याला चहा!

आणि तिचा आवाज, अगदी माझ्या कानाशी, "अहो, स्वल्प गप बसा की! टेप चालू आहे!"

त्याच क्षणाला मी तोंड उघडलं होतं. डावी पेटी जरा दबून वाजते, हे सांगायला. ते तसंच मिटलं.

"अण्णा, कसा आहे आवाज?" रवीनं विचारलं.

मी गप्प.

"अण्णा, आर यू ओके? बोला ना काहीतरी!" दीपा घाबरली.

मी नुसतं पेटीकडे बोट केलं. बोलू कसा? गप बसा म्हणालीय ती. आणि चाळीस वर्षांच्या संसारात मी तिचं पहिल्यांदाच ऐकत होतो!