धावपट्टीवरच्या मिरच्या

गावाबाहेरच्या धावपट्टीला उद्घाटनाची कमान आहे, कुंपण नाही. कुंपणाची फीत कुणी कापत नाही. गावात तेवढी सपाट जागा दुसरी नसल्याने बायका तिथे मिरच्या वाळवतात आणि विमानाची घरघर ऐकली की गोळा करून पळतात. काल शेजारच्या शेवंताकाकूंना उशीर झाला. त्यांना चुकवायला शिकाऊ वैमानिक मुलीने विमान वळवलं आणि ते नाकावर चरात गेलं. मुलगी अजून शुद्धीवर नाही.

आज सकाळी काकू तिथेच मिरच्या पसरत होत्या. लांबून तो लाल पट्टा कुणा बड्या पाहुण्यासाठी अंथरलेल्या गालिच्यासारखा दिसत होता.

“काकू, आजही?”

“मग कुठं वाळवू? तुमच्या त्या कमानीवर?”

घरघर कुठेच नव्हती, तरी काकू पुन्हापुन्हा आभाळाकडे बघत होत्या.