नर्मदाबाई पाण्यात उतरल्या

अमळनेरच्या नर्मदाबाईंची मुलगी प्रज्ञा ‘गोबी’वर पीएचडी करते म्हटल्यावर गल्लीत सगळ्यांना वाटलं, भाजीवरच करते. शेजारच्या निंबा आबांनी तर चांगलं बियाणं कोणतं तेही विचारून घेतलं.

“आबा, मासा शे तो! समुद्रात पोवळामा राहस,” नर्मदाबाई सांगायच्या. पण तो मासा त्यांनी तरी कुठे पाहिला होता? अंगणवाडीची नोकरी संपली आणि त्या निघाल्याच लक्षद्वीपला, लेकीकडे. कोचीपर्यंत रेल्वे, पुढे जहाज. जहाजात उलट्यांनी पार गळून गेल्या.

आईला काठावर बसवून फोटो दाखवायचे, असं प्रज्ञानं ठरवलं होतं.

“मी इतली लांब उनू, ते फोटो देखाले?”

बोरी नदीच्या डोहात पोहायला शिकलेली बाई ती. प्रज्ञाचा पंजाबी ड्रेस आणि वर लाइफ जॅकेट चढवून, डोळ्यांना काच लावून त्या उथळ पाण्यात उतरल्या, आणि लेकच घाबरून त्यांचा हात धरून राहिली.

खाली झुडपासारखं पोवळं होतं. त्याच्या फांद्यांत दोन मासे, हळदीसारखे पिवळे, बोटाच्या पेराएवढे. एक मोठा मासा पोवळं खायला आला, एकदा तोंड लावलं आणि वळून निघून गेला. नर्मदाबाईंनी डोकं वर काढलं.

“तो पळी का गया बरं?”

“या पिवळ्यांच्या अंगाला विषारी चिकटा असतो, माय. त्याची चव कोणालाच आवडत नाही.”

नर्मदाबाई खूश होऊन हसल्या आणि पुन्हा खाली पाहू लागल्या. थोडं पुढे तसंच एक पोवळं दिसलं, पण पांढरंफटक.

“हाई असं कसं व्हयनं?”

“पाणी फार तापलं. मेलं ते.”

“आनि मझारला मासा?”

“आतल्या माशांना दुसरं घर मिळालं तर जगतात.”

“नही भेटनं ते?”

प्रज्ञानं आईला काठाकडे वळवलं. त्या दिवशी नर्मदाबाई थोडंच जेवल्या. पण सकाळी प्रज्ञाच्या आधी तयार होऊन किनाऱ्यावर उभ्या होत्या, आणि मुक्कामभर रोज पाण्यात गेल्या.

आता त्या परत अमळनेरात आहेत. आधी फोनवर लेकीला पहिला प्रश्न असायचा तो जेवणाचा. हल्ली तो दुसरा असतो. पहिला असतो, “त्या दोन्ही पिवळा तठेच शेतस ना?”