रिळातून कापलेली ओंजळ

सज्जनहो, देवाने माणसाला ओंजळ कशासाठी दिली? उंब्रजच्या आकाराम हवालदाराच्या नावाने मी हा प्रश्न विचारतो आहे, आणि रागानेच विचारतो आहे.

एकाहत्तरच्या लढाईहून आकाराम परतला तो एक सवय घेऊन. तांब्या हाती आला की पहिली ओंजळ भुईवर सोडायची, मगच घोट घ्यायचा. आई रंगूबाई विचारी, "कुनाच्या नावानं सोडतूस रं? तुझा बा अजून जित्ता हाय!" हा तांब्या तोंडाला लावून बाहेर निघून जाई. पोराच्या हातून काही पाप तर घडले नाही ना, या भयाने माउली झुरू लागली.

दोन वर्षांनी बाजारतळावर हंबीररावांचा सिनेमाचा तंबू लागला. चित्र लढाईचे. त्यात एक जवान मरत्या शत्रूचे डोके मांडीवर घेतो आणि आपल्या बाटलीतले पाणी त्याला पाजतो. गोळी नाही, गाणे नाही, नुसता घोट. आकारामने वहाणा काढल्या आणि तेवढा प्रसंग उभ्याने पाहिला. जे जिभेवर येत नव्हते, ते पडद्यावर आले होते! दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. "आये, आज तुला समदं कळंल."

तोफा झाल्या, शिट्ट्या झाल्या, शत्रू कोसळला. आणि एकदम विजयाचा झेंडा!

"आवं हंबीरराव, पानी कुठं हाय?" आकाराम गरजला.

"भाईर सोडा-लेमन हाय की, गड्या!" कोणी ओरडले. तंबू खदखदला.

हंबीरराव म्हणाले, "कापलं. तितं लोक जांभया देत्यात. वैऱ्याला पानी पाजल्यालं बघाय तिकीट कोन काढंल?"

अरे, कापलेस? रक्त ठेवलेस, प्रेते ठेवलीस, आणि ज्या घोटात नारायण उतरला होता तेवढाच कात्रीने उडवलास? बाळ टाकून नाळ-वार जपणाऱ्या सुइणीची ही अक्कल!

आकाराम आईपुढे भुईवर बसला. "आये, त्यो वैऱ्याचा पोरगा माझ्याच गोळीनं पडला. मिसरूडबी फुटलं नव्हतं. पानी मागत हुता. मी वंजळीनं पाजलं. माझ्या मांडीवरच गेला."

हसणे थांबले.

"नाव काय त्येचं?" रंगूबाईने विचारले.

"ठावं न्हाई."

"मग लेकरू म्हनू." सोबत आणलेला तांब्या तिने कलता केला आणि पहिली ओंजळ तंबूच्या मातीत सोडली.

मागे पडद्यावर विजयाचा बिगूल वाजतच होता.