कुरळ्या केसांची इस्त्री
तापलेल्या केसांचा तो किंचित करपल्यासारखा वास कुठे आला, की मला सिंगापूरला पुंगोलमधल्या आमच्या फ्लॅटमधली ती सकाळ आठवते. लेकीच्या शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता, बायको कामासाठी बाहेरगावी गेलेली, त्यामुळे कमरेपर्यंतचे ते कुरळे केस सरळ करायचं काम माझ्यावर आलं होतं. एकेक बट धरून मी जपून स्ट्रेटनर फिरवत होतो आणि पुण्याहून आलेली माझी आई शेजारी बसून कौतुकाने बघत होती. "बाबा, असले केस मला कोणी दिले?" लेकीने वैतागून विचारलं. "आजीने," मी म्हणालो. "मग तिने स्वतःकडेच ठेवायचे ना, लाह!" लेक तिथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली. आई हसली, पण हसता हसताच कपाळावर आलेल्या आपल्या पिकल्या कुरळ्या बटा तिने अंबाड्यात खोचून टाकल्या. काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं, पण शाळेची बस चुकेल म्हणून मी पुढची बट हातात घेतली. आता लेक केस मोकळे सोडून हिंडते आणि कोणी विचारलं तर "माझ्या आजीचे आहेत" असं ऐटीत सांगते. ते ऐकायला आई राहिली नाही.