सुकवायचा तो बोंबील

काल दुपारी मोबाईलवर एक व्हिडिओ आला आणि अंधेरीच्या आमच्या क्लिनिकमध्ये मी डबा उघडा ठेवून रडत बसले... आनंदानं हो. व्हिडिओतल्या माझ्या पेशंट मावशींना विचारूनच हे लिहितेय.

मी ड्रेसिंग करणारी नर्स. मावशी वर्सोव्याच्या, मासळी विकतात, शुगर कायम चढलेली. डाव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम पाच महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल. मावशींचं उत्तर एकच, "नातीचे हलदीला मना नाचाचं हाय."

जखम अगदी कोरडी पडली होती, म्हणून हायड्रोजेलचं ड्रेसिंग सुरू केलं. पारदर्शक, गार, जेलीसारखं... त्यानं जखमेत ओल टिकते आणि नवी कातडी धरायला मदत होते. पण मावशी यायच्या तेव्हा जेल गायब आणि जखम पुन्हा कडक. मी आधी जेलला नावं ठेवली, मग स्वतःला.

तिसऱ्या खेपेला सोबत आलेल्या सुनेनं चुगली केली. मावशी रोज दुपारी पट्टी सोडायच्या, जेल पुसायच्या आणि वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी उन्हात पाय पसरून बसायच्या.

"आगो, सुकल्याबिगर जखम बरी व्हते का?" मावशींना माझीच कीव आली.

सांगून सांगून मी थकले होते. तोंडून निघून गेलं, "मावशी, सुकवलेला बोंबील कधी परत पोहायला लागलाय का?"

मावशी अशा हसल्या की पाय धरून ठेवायला मला दोन्ही हात लागले. "म्हंजे ताज्या मासलीसारखा ओला ठेवाचा. मंग आदी नाय सांगाचं?"

इतके दिवस मी दुसरं काय सांगत होते, देव जाणे...

त्यानंतर त्यांनी पट्टीला हात लावला नाही. गोळ्या वेळेवर, उभं राहणं कमी, उन्हात बसणं बंद. जखम सावकाश भरत गेली, आणि एक दिवस पट्टीच लागेना.

व्हिडिओत मावशी हळदीला नाचतायत. अंगावर ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सोनं आणि पायात डॉक्टरांनी सांगितलेल्या जाडजूड चपला. बाकी सगळ्या अनवाणी, ह्या एकट्याच चपला घालून तोऱ्यात. अंगठा जागेवर.

मीही शिकले बरं का. हल्ली नवा पेशंट आला की पट्टी सोडण्याआधी विचारते... तुम्ही काम काय करता?