आमचा ताप आम्हीच मोजला

टेंभी नाक्यामागच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात रोज रक्ताच्या स्लाइड्स जमायच्या आणि रोज किस्से जमायचे. स्लाइड तपासून झाली की धुऊन पुन्हा वापरता यायची. किस्से धुतले जात नाहीत, म्हणून ते अजून माझ्याकडे पडून आहेत.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. आमचे प्रमुख डॉ. गुप्ते. फवारणीच्या टोळीचा मुकादम गंगाराम, आंबिवलीकडचा आगरी. आणि मायक्रोस्कोपवर मी, नुकतीच मॅट्रिक झालेली. काही गावांत घरोघरी भिंतींवर डास मारायचं डीडीटी फवारायचं, काही गावांत ते वर्षभराने फवारायचं, आणि दोन्हीकडच्या मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिवताप खरंच कमी होतो का ते बघायचं, हे आमचं काम.

पहिल्याच महिन्यात एक परदेशी सल्लागार आले. रक्त तुम्ही गोळा करा, स्लाइड्स आमच्याकडे पाठवा, निष्कर्ष आम्ही काढू, असं त्यांनी सुचवलं. असलं संशोधन स्वतः करायला तुमच्या लोकांना अजून दहा वर्षं लागतील म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे चहा संपवला. "दहा वर्षं लागणार असतील, तर आजच कामाला लागलेलं बरं."

स्लाइड्सची पेटी कुठेही गेली नाही.

*

पण मग मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून एक सीनियर टेक्निशियन माझी परीक्षा घ्यायला आले. मुलीच्या हातात मायक्रोस्कोप दिलाय, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी दहा स्लाइड्स मांडल्या आणि माझ्या मागे उभे राहिले. मानेवर त्यांचा श्वास लागत होता.

सहाव्या स्लाइडला मी थांबले. ते लगेच म्हणाले, "काय, अडलं?"

माणसाच्या तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. इथे प्रत्येक पेशीत ठिपका होता. मला आधी भीती वाटली, मग राग आला.

"ही कोंबडी आहे," मी म्हटलं. "हिवताप नाहीये तिला."

उरलेल्या चार स्लाइड्स त्यांनी मला न विचारताच पेटीत भरल्या.

*

कुठल्या गावात आधी फवारायचं हे डॉक्टरांनी ऑफिसात चिठ्ठ्या टाकून ठरवलं. बाळकुम गावाचा नंबर दुसऱ्या वर्षी लागला. ते सांगायला आम्ही गेलो, तर जनाबाई नावाची एक बाई वाटेतच उभी राहिली. तिच्या कडेवरचं पोर तापाने फणफणलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं. तापाच्या गोळ्या सगळ्या गावांना मिळतील. पण डीडीटी सगळ्यांना पुरेल एवढं आलेलंच नाही, म्हणून चिठ्ठ्या. तिने पोराला गोळी दिली, पण वाट सोडली नाही.

"चिठ्ठी काडली ती कोनी बगली? आमच्यासमोर काडा."

मला वाटलं डॉक्टर चिडणार. पण ते म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. पुढच्या रविवारी सगळ्या गावांची माणसं मारुतीच्या देवळापुढे बोलावली आणि नव्याने चिठ्ठ्या टाकल्या. उचलायला जनाबाईलाच सांगितलं.

बाळकुम पुन्हा दुसऱ्या वर्षातच आलं. जनाबाईने चिठ्ठी दोनदा उलटसुलट करून बघितली.

"आता चालंल," ती म्हणाली. "आता आमी हारलो. तुमी हारवलं नाय."

वर्षभर तिच्या घरी रक्त द्यायला एकानेही नकार दिला नाही.

*

फवारलेल्या गावांत ताप उतरला. फक्त आंबिवलीजवळच्या एका गावात हलला नाही, आणि ते गाव नेमकं गंगारामचं. आम्ही तिथे चौकशीला गेलो, तर सगळे त्याच्याकडेच बघायला लागले. औषध पातळ केलं असणार, विकलं असणार. तो जेवायला घरी गेला आणि तासाभरात परत आला, हातात भिंतीवरून खरवडलेला सारवणाचा पोपडा.

दिवाळीच्या तोंडावर गावातल्या बायकांनी भिंती सारवल्या होत्या. डीडीटी शेणामातीच्या खाली गेलं होतं. त्याच्या आईने सगळ्यात आधी सारवलं होतं!

मुंबईहून पत्र आलं की हे गाव रिपोर्टातून वगळा, आकडे छान दिसतील. डॉक्टरांनी त्या गावावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि रिपोर्टात सगळ्यात पुढे लावलं.

*

मग आम्हाला मुंबईला जाब द्यायला बोलावलं. मोठं टेबल, देशभरातले अधिकारी, ते परदेशी सल्लागारही बसलेले. अध्यक्ष म्हणाले, पाच मिनिटं देतो. डॉक्टर उठले, खडू गंगारामच्या हातात दिला आणि स्वतः खाली बसले.

कुणीतरी विचारलं, यांचं शिक्षण किती? डॉक्टर म्हणाले, आधी ऐकून घ्या, मग तुम्हीच सांगा.

गंगारामने फळ्यावर गाव काढायला घेतलं. एकेक घर, त्यात कोण राहतं, कुठली भिंत कुठल्या दिवशी सारवली, त्या घरात ताप कुणाला आला. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. सल्लागारांनी वही काढली आणि शेजारच्याला सारखे अर्थ विचारू लागले. अध्यक्षांनी एकदा घड्याळ बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग खुर्ची मागे सारली.

गंगाराम फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला, "सायेब, घाई आसंल तर जावा. आजून आर्धा गाव बाकी हाय."