कचरा म्हणून सोडलेला आवाज

गोळीच्या पाकिटाचा चंदेरी कागद बोटांत चुरगळला, की मला हातकणंगल्याजवळचा तो बांध आठवतो.

माझे मामा साखर कारखान्यात वायरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी धातू शोधायचं यंत्र घेतलं. घरामागच्या परड्यात नाणी, बाटलीची बुचं आणि गुटख्याच्या चंदेरी पुड्या पुरून ते मला शिकवायचे, "कान दे की! नाण्याचा आवाज ठणठणीत येतोय, कचऱ्याचा तुटका." महिन्याभरात मी न उकरताच अचूक सांगू लागलो, आणि त्याचा ताठाही आला.

तेव्हाच शेजारच्या सुशीलाकाकूंच्या बोटातली नवऱ्याची सैल अंगठी गवत कापताना बांधावर पडली. काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी यंत्र घेऊन गेलो. ओल्या गवतात एका जागी बारीक, तुटका आवाज आला.

"वाजलं की रं! उकरू?" काकू खुरपं घेऊन वाकल्याही.

"न्हाय ओ काकू, कचरा हाय," म्हणत मी हसून पुढं गेलो. अंगठी मिळाली नाही.

सोन्याची पातळ अंगठीही अगदी तशीच वाजते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर तिथं प्लॉट पडून घरं उभी राहिली होती. गेल्या दिवाळीत मी धीर करून काकूंना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी एकटीच गेलते उकरायला. जागा घावली न्हाय. तवाच उकरणार हुते, पण तू शिकलेला. म्हटलं, तुला ठावं असंल."